जर्मनीतली 'होखशूल' : पदवी तोडीची की धाकट्या पातीची? (उदाहरण : ऱ्हाइन-वाल, क्लेव्ह)

सायकलचाक
नमस्कार मंडळी. जर्मनीतल्या शिक्षणावर इथे धागे भरपूर आहेत, पण फिरून फिरून गाडी म्युनिक नाहीतर आखेनच्या टीयूपाशीच (तांत्रिक विद्यापीठापाशीच) येऊन थांबते. मला फाखहोखशूलबद्दल विचारायचं आहे, म्हणजे ज्यांना हल्ली 'उपयोजित विज्ञानांचं विद्यापीठ' म्हणतात त्यांच्याबद्दल.

समोर उदाहरण आहे ऱ्हाइन-वाल होखशूलचं. क्लेव्ह गावातला मेकॅट्रॉनिक सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा बॅचलर, ७ सेमिस्टर, २१० क्रेडिट, शिकवणं इंग्रजीत. विद्यार्थी बारावी सायन्स, वर पुण्यात बीईचं पहिलं वर्ष झालेला. या पदवीला तिकडे टीयूच्या पदवीइतकाच मान असतो का? पुढे टीयूत मास्टर्स किंवा पीएचडीचा दरवाजा उघडा राहतो का? आणि पत्रकात वारंवार येणारा 'प्राक्सिससेमिस्टर' नेमका काय प्रकार आहे? गुळगुळीत उत्तरं नकोत, आकडे आणि खाचाखोचा हव्यात.

मोदकपात्र
होख म्हणजे हाय, शूलऽ म्हणजे स्कूल. बारावीनंतर परत हायस्कूलात? गावाकडच्या मंडळींना हे समजावताना पोटशूळ, कपाळशूळ आणि होखशूल असे तिन्ही एकदम उठणार. (ह. घ्या.)

पानपट्टी
आम्हाला 'वाल' म्हटलं की बिरडंच दिसतं. डाळिंब्या सोलायला बसवतात का तिथे?

नेकारकाठ
@पानपट्टी, वाल ही नदी आहे. ऱ्हाइन नेदरलँड्समध्ये शिरली की तिचे फाटे फुटतात, त्यातला मोठा फाटा वाल. क्लेव्ह त्या सीमेवरच आहे, म्हणून नावात दोन नद्या.

आता धाग्याच्या विषयाकडे. होखशूल हा शब्द जर्मनीत दोन अर्थांनी चालतो. व्यापक अर्थाने कुठलीही उच्चशिक्षण संस्था होखशूलच. रोजच्या बोलण्यात मात्र फाखहोखशूल, म्हणजे एफएच. ३१ ऑक्टोबर १९६८ ला पश्चिम जर्मनीतल्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी करार केला आणि पुढच्या दोनतीन वर्षांत जुन्या इंजिनिअरिंग शाळा आणि वरच्या दर्जाच्या व्यावसायिक शाळांच्या एफएच झाल्या. त्या काळी पदवीपुढे कंसात 'एफएच' लिहावं लागे, डिप्लोम-इंगेनिऊर आणि मग कंस. धाकटेपणाचा शिक्का बसला तो त्या कंसामुळे. १९९९ च्या बोलोन्या करारानंतर बॅचलर-मास्टर आले आणि कंस गेला. आज एफएचचा मास्टर आणि युनिव्हर्सिटीचा मास्टर कायद्याने समकक्ष आहेत. 'उपयोजित' हा शब्द पदवीच्या नावात नसतो, संस्थेच्या नावात असतो.

खरा फरक शिकवणाऱ्यांत आहे. एफएचच्या प्राध्यापकाला सहसा पीएचडी लागते, शिवाय किमान पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि त्यातली तीन वर्षं उच्चशिक्षण संस्थांच्या बाहेरची हवीत. आठवड्याला त्याने १८ तास शिकवायचं. युनिव्हर्सिटीतला प्राध्यापक साधारण ८ ते ९ तास शिकवतो, बाकीचा वेळ संशोधनाला. म्हणून एफएचमध्ये प्राध्यापक स्वतः फळ्यापाशी आणि प्रयोगशाळेत दिसतो, वर्ग तीसचाळीस जणांचा असतो. टीयूत पहिल्या वर्षी मेकॅनिक्सला सभागृहात काही शे डोकी, आणि गणितं सोडवून घ्यायला डॉक्टरेट करणारा एखादा विद्यार्थी.

सव्वाशेर
वर्ग लहान, प्राध्यापक अनुभवी, सगळं मान्य. पण 'समकक्ष' या शब्दावर फार विसंबू नका. एफएचचा बॅचलर घेऊन टीयूच्या मास्टर्सला अर्ज केला की ते पदवीचं नाव बघत नाहीत, विषयवार क्रेडिट मोजतात. उच्च गणित किती, तांत्रिक यांत्रिकी किती, नियंत्रण सिद्धांत किती. एफएचच्या अभ्यासक्रमात यातलं थोडं कमी असतं, कारण तेवढी जागा प्राक्सिससेमिस्टर आणि प्रकल्पांनी घेतलेली असते. मग एकतर नकार, नाहीतर 'आउफलागन', म्हणजे मास्टर्स करता करता बॅचलरचे राहिलेले विषय आधी पास करा. मुदतीत झाले नाहीत तर प्रवेश जातो. संशोधनातच जायचं असेल तर सरळ टीयू धरावं.

नेकारकाठ
@सव्वाशेर, आउफलागनबद्दल सहमत. पण तो प्रश्न दुसऱ्या टीयूतून येणाऱ्यालाही पडतो, आणि भारतातून बीई करून येणाऱ्याला तर हमखास पडतो. एफएचवाल्याने दुसऱ्या सेमिस्टरपासूनच हव्या त्या टीयूच्या मास्टर्सची प्रवेशनियमावली उघडून ठेवावी आणि ऐच्छिक विषय त्या हिशेबाने निवडावेत. पाचव्या सेमिस्टरला जाग आली तर ऐच्छिक विषय संपलेले असतात.

पीएचडीचं चित्रही बदललंय. हेसन राज्याने २०१६ मध्ये फुल्डाच्या होखशूलला स्वतःच्या नावावर डॉक्टरेट देण्याचा हक्क दिला, जर्मनीतली ती पहिली. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये, म्हणजे क्लेव्ह ज्या राज्यात येतं तिथे, होखशूल मिळून प्रोमोट्सिओन्सकोलेग ही डॉक्टरेटची सामाईक संस्था चालवतात आणि त्याला तो हक्क २०२२ मध्ये मिळाला. इतरत्र 'सहकारी डॉक्टरेट' असते : काम एफएचच्या प्रयोगशाळेत, पदवी युनिव्हर्सिटीची, मार्गदर्शक दोन्हीकडचे.

गणिताचा_तास
क्रेडिटच्या बेरजेत पुष्कळ जण आपटतात, म्हणून सविस्तर लिहितो.

बॅचलर आणि मास्टर मिळून ३०० क्रेडिट व्हावे लागतात. युनिव्हर्सिटीत गणित १८० + १२०. बहुतेक एफएचमध्ये २१० + ९०. म्हणजे एफएचचा मास्टर दीड वर्षाचा, कारण बॅचलर साडेतीन वर्षांचा धरलेला असतो. आता तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम घेऊन, म्हणजे १८० धरले गेले तर, ९० क्रेडिटच्या मास्टरला अर्ज केला की बेरीज २७० भरते. ३० कमी. मग होखशूल एक जादा सेमिस्टर भरायला सांगते, ३० क्रेडिटचे विषय निवडायला लावते किंवा अर्जच बाजूला ठेवते. आठ सेमिस्टरच्या बीईला हा त्रास सहसा होत नाही, पण किती क्रेडिट धरायचे ते प्रत्येक होखशूल आपापलं ठरवते. प्रवेशाच्या पानावर '२१० ईसीटीएस' (म्हणजे हेच क्रेडिट) हा आकडा आहे का ते आधी बघा. 'पदवी असावी' एवढंच वाचून अर्ज टाकू नका.

दुसरी जागा गुणांच्या रूपांतराची. जर्मनीत १.० सगळ्यात वर, ४.० काठावर पास. सुधारित बव्हेरियन सूत्र असं : कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, कमाल गुणांतून पासाचे गुण वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दशांशानंतरचा एकच आकडा ठेवतात, पुढचे बहुतेक ठिकाणी नुसते छाटून टाकतात.

बारावीला ७६ टक्के असतील आणि महाराष्ट्र बोर्डाचा पास ३५ धरला तर २४ भागिले ६५, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.१. सीबीएसईचा ३३ धरला तर २.०. कॉलेजच्या सवयीने ४० भरला तर २.२. सीजीपीएत हा फरक आणखी वाढतो : १० पैकी ७.६, पास ४ धरला तर २.२, पास ५ धरला तर २.४. मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमात या दोन दशांशांत रांग पुढची मागची होते. गुणपत्रिकेच्या पाठीमागे श्रेणींचा तक्ता असतो, त्यावर पासाची खालची श्रेणी छापलेली असते. त्या बाजूचंही स्कॅन जोडा. पुढची बाजूच जोडली तर तपासणारा त्याच्याकडे असलेला आकडा वापरतो.

आळूचं_फदफदं
म्हणजे तिकडे एक नंबर आणायचा तर १.० आणायचा, आणि ५.० आले की पेढे वाटायचे नाहीत. नोंद घेतली.

उंबरठा
धागाकर्त्याने सांगितलेल्या पात्रतेबद्दल.

नुसत्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. एक रस्ता जेईई अॅडव्हान्स्डचा, दुसरा भारतात मान्य विद्यापीठात पदवीचं वर्ष यशस्वी करून त्याच शाखेत जाण्याचा. दोन्ही नसतील तर श्टुडियनकोलेगचं, म्हणजे पदवीआधीच्या तयारीचं वर्ष आणि शेवटची परीक्षा. तंत्रशाखेला टी-कोर्स, व्यापार-अर्थशास्त्राला डब्ल्यू-कोर्स, आणि तिथे शिरायलाच जर्मन लागतं. 'वर्ष यशस्वी' या शब्दात आपल्याकडची एटीकेटी बसत नाही. पहिल्या वर्षाचे दोन विषय डोक्यावर घेऊन दुसऱ्या वर्षात गेलेला मुलगा आपल्या लेखी पुढे गेलेला असतो, त्यांच्या लेखी नाही. विषय सुटले की नवी गुणपत्रिका घ्या आणि मग अर्ज करा. आपल्या प्रमाणपत्रावर काय चालतं ते अनाबिन या सरकारी माहितीकोशात देशवार दिलेलं आहे. शाखाही जुळायला हवी : बीई मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षावर मेकॅट्रॉनिक्स चालेल, आंतरराष्ट्रीय व्यवसाय चालेलच असं नाही.

त्यानंतर एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते लागतं, शुल्क १८,००० रुपये. साध्या प्रती पाठवा, मूळ गुणपत्रिका घरीच ठेवा. नावाचं स्पेलिंग दहावी, बारावी आणि पासपोर्टवर एकच हवं. आपल्याकडे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, असा उलटसुलट क्रम असतो आणि तिथेच फाइल अडकते.

बऱ्याच होखशूलचे अर्ज युनि-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात, पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. काही ठिकाणी युनि-असिस्टकडून फक्त व्हीपीडी नावाचा पूर्वतपासणीचा कागद घ्यायचा आणि मुख्य अर्ज होखशूलच्या पोर्टलवर करायचा. 'युनि-असिस्टला पैसे भरले, झालं' असं समजून दुसरा अर्ज राहून जातो, ही नेहमीची चूक. हिवाळी सेमिस्टरची सर्वसाधारण मुदत १५ जुलै, पण परदेशी अर्जदारांसाठी ती अनेक ठिकाणी आधी संपते. तपासणीला आठवडे लागतात, म्हणून शेवटच्या पंधरवड्यातला अर्ज हा अर्ज नव्हे, नवस.

शेवटी बंद खातं, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं. सध्या ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. हे पैसे कुणी खात नाही, तिथे गेल्यावर महिन्याच्या हप्त्याने आपल्यालाच मिळतात. फक्त पहिला हप्ता यायला तिथलं चालू खातं लागतं, त्याला पत्त्याची नोंदणी, आणि नोंदणीला घरमालकाच्या सहीचा कागद. तोवरच्या पंधरावीस दिवसांचे पैसे हातात असू द्या.

चष्मिष्ट
फी कुणी लिहिलीच नाही. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनच्या सरकारी होखशूलमध्ये शिकवणी फी नाही, सेमिस्टरचं अंशदान तेवढं भरायचं. त्यात विद्यार्थी संघटना, श्टुडिएरेंडनवेर्क (विद्यार्थ्यांची सेवासंस्था) आणि प्रवासाचं तिकीट येतं. तिकीट हा त्यातला मोठा वाटा. सेमिस्टरचं हे तिकीट डॉइचलांडटिकिटाच्या, म्हणजे सर्वांसाठीच्या मासिक पासाच्या, ६० टक्के किमतीत मिळतं आणि देशभर स्थानिक गाड्यांना चालतं. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये मात्र २०१७-१८ च्या हिवाळ्यापासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत. सात सेमिस्टरचे १०,५०० झाले. एस्लिंगन, कार्ल्सरूह, रॉयटलिंगन ही नावं उगाच मोठी नाहीत, पण हा आकडा धरूनच तुलना करा.

कोल्हापुरी_चप्पल
यात एक पाचर आहे. 'अप्लाइड सायन्सेस' हे शब्द खासगी संस्थाही लावतात, आणि त्यांची फी वर्षाला पाच आकडी युरो असू शकते. सरकारमान्यता असते, पदवीही खरी असते. पण आपल्याकडचे एजंट 'जर्मनी, आयईएलटीएसशिवाय, आठ दिवसांत प्रवेश' म्हणून जे विकतात ते बहुतेक हेच, कारण सरकारी होखशूलकडून एजंटाला दमडी मिळत नाही. संकेतस्थळावर 'श्टाटलिश' लिहिलंय की 'श्टाटलिश आनरकांट' ते बघा. पहिलं म्हणजे सरकारी, दुसरं म्हणजे सरकारने मान्यता दिलेली खासगी. एका शब्दात काही लाख रुपये लपलेले असतात.

मोदकपात्र
वाचनखूण साठवली. पण क्लेव्हबद्दल कुणी बोलेल का? नकाशावर बोट ठेवलं तर अर्धं बोट नेदरलँड्समध्ये जातंय.

ट्रॅम_नंबर_९
क्लेव्हची होखशूल तशी नवी, २००९ ची. त्या वर्षी राज्याने एकदम चार काढल्या : हाम-लिपश्टाट, रूर वेस्ट, बोखुमची आरोग्यशास्त्राची आणि ही. ऱ्हाइन-वालचे कॅम्पस दोन. क्लेव्हमध्ये तंत्रज्ञान व बायोनिक्स, जीवशास्त्रे, आणि समाज व अर्थशास्त्र हे तीन विभाग जुन्या बंदराच्या जागेवर. चौथा, संवाद आणि पर्यावरण, कांप-लिंटफोर्टला. तिथली कोळशाची खाण २०१२ अखेर बंद पडली आणि खाणीच्या जागेवर २०२० मध्ये राज्याचं उद्यान प्रदर्शन भरलं. दोन्ही गावांत चाळीसेक किलोमीटर अंतर आहे आणि थेट रेल्वे नाही. खोली घेण्याआधी आपला अभ्यासक्रम कोणत्या कॅम्पसला आहे ते नीट वाचा. मेकॅट्रॉनिक्स, मेकॅनिकल, शाश्वत शेती हे क्लेव्हला. पर्यावरण-ऊर्जा, इन्फोट्रॉनिक्स हे कांप-लिंटफोर्टला.

क्लेव्हहून ड्यूसेलडॉर्फ आरई १० गाडीने दीड तासाच्या आसपास. मार्गावर काही भागात एकेरी रूळ आहे, एक गाडी रेंगाळली की समोरचीही रेंगाळते. इंटर्नशिपची मुलाखत सकाळी नऊची असेल तर आदल्या गाडीने निघा. सीमेपलीकडच्या निमेगनला जायला एसबी ५८ बस.

पानपट्टी
क्लेव्ह म्हणजे ती आठव्या हेन्रीची चौथी राणी? अॅन ऑफ क्लीव्ह्ज?

ट्रॅम_नंबर_९
तीच. १५४० मध्ये लग्न, सहा महिन्यांत रद्द, आणि राणी शीर शाबूत ठेवून इस्टेटीसकट सुखात राहिली. गावातला श्वानेनबुर्ग किल्ला तिच्या घराण्याचा.

आळूचं_फदफदं
वेळीच बाजूला झाली म्हणायचं. हुशार बाई.

उंबरठा
निमेगनवरून आठवलं. 'सीमेपलीकडे घर मिळालं तर तिकडून ये-जा करू' ही कल्पना युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर जर्मनीचा विद्यार्थी परवाना घेऊन नेदरलँड्समध्ये फिरता येतं. राहता येत नाही आणि कामही करता येत नाही. परवाना जर्मन पत्त्याला बांधलेला असतो.

नेकारकाठ
आता प्राक्सिससेमिस्टर. होखशूलचं मर्म इथेच आहे.

बहुतेक एफएचच्या सात सेमिस्टरच्या बॅचलरमध्ये एक पूर्ण सेमिस्टर कंपनीत काढायचं असतं. दक्षिणेत साधारण पाचवं, ऱ्हाइन-वालला सहावं, आणि तिथे त्याऐवजी परदेशी विद्यापीठात सेमिस्टर काढायचाही पर्याय असतो. कालावधी सुमारे २० आठवडे, क्रेडिट ३०. सातव्यात १२ क्रेडिटचा प्रबंध आणि वर तोंडी सादरीकरण. प्राक्सिससेमिस्टरची कंपनीच प्रबंधाला विषय देते आणि पुढे नोकरी, ही त्यामागची सरळ साखळी.

अडतं कुठे, तर पहिली पायरी पूर्वअटींची. ठरावीक क्रेडिट झाल्याशिवाय प्राक्सिससेमिस्टरला नोंदणी होत नाही. पहिल्या वर्षाचं गणित राहिलं की कंपनीचं पत्र हातात असूनही जाता येत नाही. दुसरं, कंपनीशी करार सही करण्याआधी तो होखशूलच्या प्राक्टिकुम (इंटर्नशिप) कार्यालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. काम शाखेशी जुळणारं हवं आणि तिथे मार्गदर्शन करणारा अभियंता हवा. गोदामात खोकी उचलण्याला 'लॉजिस्टिक्स' म्हणून मंजुरी मिळत नाही. तिसरं, आठवडे मोजा. नियमावली २० म्हणते आणि करार १८ चा असतो, कारण नाताळात कंपनी बंद. ते दोन आठवडे नंतर भरून काढताना प्रबंध पुढे ढकलला जातो. आजारपणाच्या आणि रजेच्या दिवसांचं काय, तेही नियमावलीत असतं.

पैशांचं : सक्तीच्या इंटर्नशिपला किमान वेतनाचा कायदा लागू नाही, त्यामुळे देतील ते घ्यायचं. मात्र परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला जे १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस कामाची मुभा आहे, त्यात ही इंटर्नशिप मोजली जात नाही. स्वेच्छेने केलेली मोजली जाते. म्हणून कंपनी मागेल तेव्हा होखशूलचं 'ही इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची आहे' असं पत्र तयार ठेवा. त्या पत्रात किमान आठवडेही लिहिलेले असतात.

अर्ज चारसहा महिने आधी. जोडायचं : एका पानाचं पत्र, लेबन्सलाउफ (बायोडेटा), होखशूलचा गुणतक्ता, नोंदणीचा दाखला.

सव्वाशेर
आणि भाषा! इंग्रजी अभ्यासक्रमाची हीच गोम आहे. वर्गात इंग्रजी, कॅन्टीनमध्ये इंग्रजी, सहाव्या सेमिस्टरला दीडशे माणसांच्या कारखान्यात मात्र फोरमनशी जर्मन. मोठ्या कंपन्या इंग्रजीवर निभावून नेतात, पण तिथे रांगही तेवढीच लांब. मधल्या आकाराच्या कंपन्या, ज्यांच्यावर होखशूलचा सगळा डोलारा उभा आहे, त्या बी१-बी२, म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन पाहतात. पहिल्या सेमिस्टरपासून होखशूलचे फुकटचे भाषावर्ग धरले तर होतं. पाचव्यात सुरू केलं तर नाही.

नेकारकाठ
+१. इथे सव्वाशेरांशी वाद नाही.

गणिताचा_तास
परीक्षांबद्दलही सांगायला हवं. एका विषयाला साधारण तीन प्रयत्न. तिसराही गेला की 'कायमचा नापास', नोंदणी रद्द, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसऱ्या ठिकाणीही करता येत नाही. आपल्याकडे विषय कितीदाही देता येतो या समजुतीवर पहिला प्रयत्न 'बघू या जमतंय का' म्हणून वाया घालवू नये. परीक्षेची नोंदणी वेगळी करायची असते आणि तिची मुदत सेमिस्टरच्या मध्यावरच संपून जाते. वर्गात रोज बसलात तरी नोंदणी नसेल तर पेपर मिळत नाही. उलट नोंदणी करून न कळवता गैरहजर राहिलात तर ५.०, आणि एक प्रयत्न खलास. नाव काढून घ्यायची तारीख असते, ती कॅलेंडरवर टाका. आजारी पडलात तर डॉक्टरचा दाखला परीक्षा कार्यालयाकडे ताबडतोब. आठवड्याने दिलेला चालत नाही.

सायकलचाक
दंडवत. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांनी 'नियमावली वाचा' म्हटल्यावर एका एफएचचं मोड्युलहांडबुख (विषयांची माहितीपुस्तिका) उघडलं आणि पहिल्याच पानावर गाडी रुतली. नियमन तंत्राच्या (कंट्रोल इंजिनिअरिंग) विषयापुढे असं लिहिलंय : '५ सीपी. व्ही २, यू १, पी १. १५० तास, ६० + ९०. क्लाउझुअर ९० मि. अट : टेस्टाट.' हे वाचायचं कसं? आणि 'पी' म्हणजे प्राक्टिकुम असेल तर प्रत्येक विषयाला इंटर्नशिप?

गणिताचा_तास
या एका ओळीत विषयाची सगळी कुंडली आहे.

५ सीपी म्हणजे एकूण १५० तासांचं काम, एका क्रेडिटला ३० तास. व्ही म्हणजे व्याख्यान आठवड्याला २ तास, यू म्हणजे गणितं सोडवण्याचा वर्ग १ तास, पी म्हणजे प्रयोगशाळा १ तास. तिन्ही मिळून ४, सेमिस्टरचे १५ आठवडे, म्हणून ६० तास वर्गात. उरलेले ९० घरी. हे ९० गुणिले सहा विषय केले की पार्टटाइम नोकरी आठवड्याला किती झेपेल ते कळतं. क्लाउझुअर म्हणजे लेखी पेपर, ९० मिनिटं.

प्राक्टिकुम या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि नवीन मुलं त्यात हमखास गोंधळतात. कंपनीतली इंटर्नशिपही प्राक्टिकुम आणि कॉलेजातली प्रॅक्टिकलंही प्राक्टिकुम. इथे दुसरा अर्थ. प्रत्येक प्रयोगाआधी सात-आठ मिनिटं तोंडी प्रश्न विचारतात, त्याला आनटेस्टाट म्हणतात. तयारी नसेल तर त्या दिवशी घरी पाठवतात. प्रयोग झाला की गटाचा अहवाल, तो मान्य झाला की सही. सगळ्या सह्या मिळाल्या की टेस्टाट. तुमच्या ओळीत 'अट : टेस्टाट' लिहिलंय, म्हणजे एक जरी सही राहिली तरी पेपरला बसता येत नाही, आणि ती प्रयोगशाळा पुन्हा वर्षाने येते.

अहवाल परत येण्याची ठरलेली कारणं : अक्षांवर एकक नाही, मोजमापातल्या त्रुटीचा अंदाज नाही, आलेख आहे पण त्याखाली त्यातून काय दिसलं ते नाही. पीआयडी नियामकाच्या प्रयोगात आलेख सगळ्या गटांचे सारखे येतात. ओव्हरशूट किती टक्के, स्थिरावायला किती सेकंद, आणि इंटिग्रल भाग वाढवल्यावर तो का हेलकावतो, हे लिहिलेलं हवं असतं.

चष्मिष्ट
याच पुस्तिकेत प्रत्येक विषयापुढे 'टुर्नुस' असतं तेही बघा. विषय दर सेमिस्टरला आहे की वर्षातून एकदा. वर्षातून एकदाचा विषय राहिला आणि प्राक्सिससेमिस्टरची अट त्याच्यावर असली की पदवी सरळ एका वर्षाने लांबते. राहण्याचा परवाना वाढवताना परदेशी नागरिक कार्यालय गती विचारतं.

सायकलचाक
आलं ध्यानात. या पुस्तिकेत नियमन तंत्र फक्त उन्हाळी सेमिस्टरला आहे. आता क्लेव्हची पुस्तिका शोधून त्याशेजारी ठेवतो. प्राक्सिससेमिस्टर की परदेशी सेमिस्टर, हे पाचव्यात ठरवायचं असतं की अर्जातच?

नेकारकाठ
अर्जात नाही. पाचवं सुरू होईतो वेळ असतो. फक्त परदेशी जायचं असेल तर भागीदार विद्यापीठाची मुदत बहुधा चौथ्यातच संपते आणि विषय कुठले धरले जातील याचा करार जाण्याआधी सही करून घ्यावा लागतो. मेकॅट्रॉनिक्सवाल्याने कंपनीच निवडावी असं माझं मत. सव्वाशेर आता उलट सांगतील.

सव्वाशेर
नाही सांगत. पण टीयूच्या मास्टर्सला गणिताचे क्रेडिट कमी पडत असतील तर तेच सेमिस्टर परदेशी विद्यापीठात उच्च गणित आणि नियंत्रण सिद्धांताचे विषय घेऊन काढता येतं. करारात विषयांची नावं आधी घालून घ्या.

मोदकपात्र
हायस्कूल म्हटलं होतं ते शब्द मागे घेतो. धागा पहिल्या पानावर राहू द्या.